वाढप्याचा श्वास



उपाहारगृहात शिरल्यावर आपले लक्ष प्रथम कोठे जाते? पंख्याखालची जागा मोकळी आहे का, फळ्यावर आज कोणता पदार्थ लिहिला आहे, ओळखीचे कोणी बसले आहे का, हे आपण पाहतो. जो मनुष्य पाण्याचे पेले आणून ठेवतो, टेबलावरून ओले फडके फिरवितो आणि काय आणू म्हणून विचारतो, त्याच्याकडे आपण पाहतोच असे नाही. तो हाकेसरशी यावा, एवढीच आपली अपेक्षा असते. आपल्याप्रमाणे तो तासाभराने उठून जाणार नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच चार भिंतींत त्याला वावरावयाचे आहे, ही गोष्ट आपल्या ध्यानात क्वचितच येते. आज मला त्याच्याविषयी, आणि विशेषेकरून तो ज्या हवेत श्वास घेतो त्या हवेविषयी, चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. एके काळी मी स्वतः सिगारेट ओढीत असे. सुमारे तीस वर्षांपूर्वी मुंबईत, गिरगावातील एका उपाहारगृहात, आम्हा चार-पाच मित्रांची सायंकाळची बैठक जमे. नाटकांवर वाद होत, राजकारणाचा निकाल लागे, आणि चहाच्या जोडीने सिगारेटी जळत. तेथे कोकणातून आलेले एक वयस्क वाढपी होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. गळ्यात तुळशीची माळ; विडीकाडी तर दूरच, सुपारीच्या खांडाचेही त्यांना व्यसन नव्हते. आमच्या टेबलावरचे रक्षापात्र मात्र वर्षानुवर्षे तेच रिकामे करीत. एकदा पावसाळ्यात दारेखिडक्या लावून घेतलेल्या असताना त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली. हातातले तबक कसेबसे टेकवून ते भिंतीला धरून उभे राहिले. आमच्यापैकी एकजण कळवळ्याने म्हणाला, "अण्णा, विडी कमी करा आता." अण्णांनी माळेला हात लावला आणि हसून म्हटले, "मी कुठली ओढतोय विडी, साहेब? तुम्ही ओढता, तीच मला पुरते."

आम्हीही हसलो. माझ्या बोटांतली सिगारेट तशीच जळत होती.

एका माणसाच्या खोकल्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. खोकल्याला कारणे अनेक असतात. परंतु अण्णा जे विनोदाने बोलून गेले, ते शास्त्राच्या कसोटीला अक्षरशः उतरलेले आहे, हे मला पुढे वाचनातून कळले. ते कसे, हे थोडक्यात सांगतो.

सिगारेट किंवा विडी जळत असताना तिच्यातून दोन प्रकारचा धूर निघतो. एक धूर ओढणारा झुरक्याबरोबर आत घेतो आणि त्यातला काही भाग बाहेर सोडतो. दुसरा धूर, झुरका घेतलेला नसतानाही, पेटत्या टोकातून अखंड निघत राहतो. बंद खोलीत जो धूर साचतो, त्यात या दुसऱ्या धुराचाच वाटा फार मोठा असतो. झुरका घेताना टोकाशी उष्णता वाढते आणि ज्वलन तीव्र होते. मधल्या काळात तंबाखू मंद आचेवर धुमसत राहतो आणि ज्वलन अपुरे होते. त्यामुळे वजनास वजन घेऊन तुलना केली, तर पेटत्या टोकाचा धूर हा ओढलेल्या धुरापेक्षा अधिक विषारी ठरतो. ओढणाऱ्याच्या सिगारेटला निदान गाळणी तरी असते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला तीही नसते. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने आढळली आहेत, आणि त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगाला कारण होणारी आहेत. बेंझीन, फॉर्माल्डिहाइड ही त्यांतली काही नावे. त्यांखेरीज रक्तातील प्राणवायूची जागा अडविणारा कार्बन मोनॉक्साइड आहेच. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात, आणि डोळ्यांना धूर दिसेनासा झाला तरी बराच काळ हवेत तरंगत राहतात.

स्वतः न ओढणाऱ्यालाही हा धूर बाधतो, ही शंका जुनीच होती. तिला भक्कम पुरावा मिळाला तो १९८१ साली. ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची माहिती तपासली. ज्यांचे पती फार सिगारेटी ओढीत, त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. तंबाखू-व्यवसायाने या निष्कर्षावर टीकेची झोड उठविली. तथापि पुढे देशोदेशींच्या संशोधनातून तेच निष्पन्न होत गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दुसऱ्याचा धूर हा मनुष्याला कर्करोग करणारा पदार्थ आहे, असा निर्वाळा दिला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ सालच्या अहवालाने तर असे नमूद केले की, अशा धुराच्या संपर्कामुळे न ओढणाऱ्याला हृदयविकार होण्याचा धोका शेकडा २५ ते ३० आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका शेकडा २० ते ३० इतका वाढतो, आणि ज्याखाली धोका नाही अशी या धुराची कोणतीही मर्यादा नाही. आज जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे स्वतः न ओढलेल्या धुरामुळे मृत्युमुखी पडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आता यात उपाहारगृहातील कामगारांचा विचार निराळा का करावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मात्रेत आहे. मायकेल सीगल या अमेरिकन वैद्याने १९९३ साली तोवर झालेल्या मोजमापांचा आढावा घेतला. कचेऱ्यांच्या तुलनेत उपाहारगृहांतील धुराचे प्रमाण दीडपटीहून अधिक, आणि मद्यगृहांतील प्रमाण चौपट ते सहापट, असे त्याला आढळले. गिऱ्हाईक या हवेत तासभर बसते; कामगार आठ-दहा तास, आठवड्यातून सहा दिवस, अशी वर्षेच्या वर्षे काढतो. त्यातही तो स्वस्थ बसलेला नसतो. तबके उचलून त्याची धावपळ चाललेली असते, आणि श्रम करणारा मनुष्य बसलेल्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेतो.

येथे मला कॅनडातील एका स्त्रीची आठवण होते. तिचे नाव हेदर क्रो. ओटावा शहरात आणि इतरत्र तिने चाळीसहून अधिक वर्षे उपाहारगृहांतून वाढण्याचे काम केले. आयुष्यात तिने कधी सिगारेट ओढली नाही. २००२ साली तिला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, आणि तो कामाच्या जागी साचलेल्या धुरामुळे झाला असल्याचे वैद्यांनी सांगितले. तिने कामगारांच्या नुकसानभरपाई मंडळाकडे दावा केला, आणि मंडळाने तो मान्य केला. खाणीतल्या किंवा कारखान्यातल्या कामगाराला होणाऱ्या व्याधीप्रमाणेच वाढपिणीचा कर्करोग हाही व्यवसायातून उद्भवलेला रोग ठरला. यानंतर ही सामान्य बाई घरात बसून राहिली नाही. देशभर फिरून, मंत्र्यांना भेटून, शाळांतून आणि सभांतून ती सांगत राहिली की, या धुराने मरणारी मी शेवटची कामगार ठरावी. २००६ सालच्या मे महिन्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ती निवर्तली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला तिच्या ओंटारिओ प्रांतात सर्व बंदिस्त कामाच्या जागा धूरमुक्त करणारा कायदा अमलात आला.

असे कायदे केल्याने खरोखर काही साधते काय? याचेही उत्तर अनुभवाने मिळाले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी १९९८ पासून मद्यगृहांतही धूम्रपानास बंदी केली. सॅन फ्रान्सिस्को येथील ५३ मद्यगृह-कामगारांची बंदीपूर्वी आणि बंदीनंतर तपासणी झाली. आधी त्यांपैकी ३९ जणांना खोकला, धाप, छातीत घरघर अशा तक्रारी होत्या. बंदीनंतर काही आठवड्यांतच त्या ३९ पैकी २३ जणांच्या तक्रारी नाहीशा झाल्या. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. केवळ हवा बदलली.

आयर्लंडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मद्यगृह ही त्या देशाची चावडीच होय. गप्पा, गाणी, लग्नाच्या वाटाघाटी, मयताचे दुःख, सारे तेथेच चालते. अशा देशाने २९ मार्च २००४ रोजी मद्यगृहांसह सर्व बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपान बंद केले. असे करणारा तो जगातील पहिला देश. आरोग्यमंत्री मायकल मार्टिन यांनी हा प्रश्न ओढणाऱ्यांच्या नीतीचा न करता कामगारांच्या आरोग्याचा केला, हे त्यांच्या यशाचे एक मोठे कारण होय. निकोटीन शरीरात गेल्यावर त्याचे कोटिनीन नावाचे द्रव्य बनते आणि ते लाळेत सापडते. त्यावरून किती धूर अंगी गेला हे मोजता येते. बंदीनंतर आयर्लंडमधील न ओढणाऱ्या मद्यगृह-कामगारांच्या लाळेतील हे द्रव्य शेकडा ८० नी घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. ज्या उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा बंदी नव्हती, तेथील घट याच्या जवळपासही नव्हती. पुढे नॉर्वे, न्यूझीलंड, स्कॉटलंड, इंग्लंड या देशांनीही तीच वाट धरली.

आता आपल्या देशाकडे वळू. केरळच्या उच्च न्यायालयाने १९९९ साली सार्वजनिक जागी धूम्रपान करणे हे राज्यघटनेतील एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग करणारे आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर सार्वजनिक जागी धूम्रपान थांबविण्याचा आदेश दिला. त्या आदेशात सभागृहे, रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, कचेऱ्या, आगगाड्या यांची नावे होती. उपाहारगृहांचे नाव त्या यादीत नव्हते. ती उणीव संसदेच्या २००३ सालच्या तंबाखू-नियंत्रण कायद्याने आणि त्याखालील नियमांनी भरून काढली. हे नियम २००८ साली, गांधीजयंतीच्या दिवशी, २ ऑक्टोबरला अमलात आले. उपाहारगृहे, कॅन्टीन, मद्यगृहे, तसेच सर्व कामाच्या जागा त्यांच्या कक्षेत आल्या. नियम मोडणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड ठरला. तक्रार येऊनही मालकाने दुर्लक्ष केले, तर जितके अपराध घडले असतील तितका दंड त्याच्यावर बसावा, अशी तरतूद झाली. धूम्रपान मना असलेल्या जागी रक्षापात्र किंवा काडेपेटी पुरवू नये, असेही त्यात सांगितले आहे.

परंतु कायद्याने एक दार किलकिले ठेवले. तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, तीस किंवा अधिक माणसे बसतील असे उपाहारगृह, आणि विमानतळ, यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा राखण्याची मुभा दिली. ही जागा चारी बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंतींची असावी, दार आपोआप मिटणारे असावे, हवा थेट बाहेर सोडली जावी, अशा अटी आहेत. तरीही त्या खोलीत ओढणाऱ्यांना चहा किंवा मद्य कोणी नेऊन द्यावयाचे? तो मनुष्य तर आत जाणारच. हे ध्यानात आल्यावर २०१७ सालच्या दुरुस्तीने अशा जागेत खाद्यपेय वा अन्य कोणतीही सेवा पुरविण्यास मनाई केली. पुढच्या वर्षी महाराष्ट्राने हुक्का पुरविणाऱ्या जागांवर बंदी घालणारा कायदा केला. निखारे फुलवून हुक्का पेटवून देणारा पोरगा गिऱ्हाइकापेक्षा कितीतरी अधिक धूर गिळतो, हे येथे सांगावयास हवे.

कायदा आहे, मग गाऱ्हाणे कशाचे, असे आपण म्हणाल. गाऱ्हाणे अंमलाचे आहे. २०१६-१७ साली झालेल्या देशव्यापी पाहणीत बंदिस्त जागी काम करणाऱ्या प्रौढांपैकी शेकडा ३० जणांनी आपल्याला कामाच्या जागी दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असे सांगितले. यापूर्वीच्या, २००९-१० सालच्या पाहणीतही हे प्रमाण जवळजवळ तेवढेच होते. म्हणजे मधल्या काळात नियम जुने झाले, पण हवा बदलली नाही. भिंतीवर पाटी असते, आणि पाटीखालच्या टेबलावर बशीत राख झाडलेली असते. वाढप्याने हटकावे, तर गिऱ्हाईक रागावते. गिऱ्हाईक रागावले, की गल्ल्यावरचे शेठ रागावतात. रोजीचा धनी आणि बक्षिसीचा धनी, दोघेही ज्याच्यावर रुष्ट होऊ शकतात, त्याच्याच हाती कायद्याचे रक्षण सोपविणे हा न्याय नव्हे.

या बाबतीत नेहमी ऐकू येणारे काही आक्षेप आहेत, त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. माझ्या पैशाची सिगारेट, माझे फुप्फुस. तुमचे काय जाते? सिगारेट ओढणाऱ्याचे स्वातंत्र्य मी मानतो. ज्याने ती वीस वर्षे ओढली, त्याने इतरांना नीतिपाठ देऊ नयेत. पण धूर ओठांबाहेर पडला की तो माझा खाजगी राहत नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाला उठून जाता येते, वाढप्याला येत नाही. स्वातंत्र्य मोजावयाचेच असेल, तर ज्याला जागा सोडता येत नाही त्याच्या बाजूने मोजले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, सोसत नसेल तर त्याने दुसरी नोकरी धरावी. हे म्हणणाऱ्याने एकदा या कामगारांची हकीगत विचारावी. कोणी कोकणातून, कोणी उडुपीकडून, कोणी कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांतून, कोणी ओडिशातून वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी आलेला असतो. राहणे, जेवणे आणि पगार एकाच ठिकाणी असल्याने नोकरी सुटली की रात्रीचा निवाराही जातो. गिरणीत यंत्राला जाळी नसेल, तर कामगाराला आपण दुसरी गिरणी शोध म्हणत नाही. मालकाला जाळी बसव म्हणतो. मग हवेच्या बाबतीत हा न्याय उलटा का व्हावा?

तिसरा आक्षेप यंत्रांचा. हवा खेचणारे पंखे लावले, वातानुकूलन केले, म्हणजे झाले, असे पुष्कळ मालकांना प्रामाणिकपणे वाटते. पंख्याने वास कमी होतो, डोळ्यांची आग कमी होते. विष मात्र राहते. तंबाखू-नियंत्रणाच्या जागतिक करारास भारताने २००४ साली मान्यता दिली आहे. त्या कराराखाली २००७ साली संमत झालेली मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात की, हवा खेळती ठेवणे, गाळणे किंवा वेगळ्या खोल्या करणे यांनी पुरते संरक्षण मिळत नाही. बंदिस्त जागा संपूर्ण धूरमुक्त करणे हाच उपाय होय. ही गोष्ट ध्यानी घेता, आपल्या कायद्यातील ते किलकिले दारही आता लावून घेणे योग्य ठरेल.

शेवटचा आक्षेप धंद्याचा. गिऱ्हाईक तुटेल, ही मालकाची भीती मी क्षुद्र मानीत नाही. त्याच्या गल्ल्यावरच कामगारांचीही चूल पेटते. पण ही भीती अनुभवाने खरी ठरली नाही. जागतिक कर्करोग-संशोधन संस्थेने २००९ साली या विषयावरील पुराव्यांची छाननी केली, आणि धूरमुक्तीच्या धोरणाने उपाहारगृहांचा व मद्यगृहांचा व्यवसाय घटत नाही, असा निष्कर्ष काढला. आपल्या देशात तर प्रौढांपैकी शेकडा ११ जणच विडी-सिगारेट ओढतात, असे मघाशी सांगितलेल्या पाहणीत दिसले. म्हणजे उरलेले सुमारे ८९ जण ओढीत नाहीत. मुलाबाळांना घेऊन येणारे कुटुंब धुराच्या जागेकडे पाठच फिरविते, हे चतुर हॉटेलवाल्याला सांगावयास नको.

मग करावे काय? मालकांनी पाटीबरोबर आपल्या कामगारांच्या पाठीशीही उभे राहावे. हटकण्याचे काम वाढप्यावर न टाकता गल्ल्यावरून स्वतः करावे. नियमाप्रमाणे तक्रार ऐकून घेणाऱ्या व्यक्तीचे नाव पाटीवर लिहावयाचे असते. ते लिहिलेले असावे, आणि तक्रार केल्याबद्दल कोणाची नोकरी जाऊ नये. अन्नाची व स्वच्छतेची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी भटारखाना पाहतानाच बसण्याची जागाही नाकाने तपासावी. आणि गिऱ्हाइकांनी, म्हणजे आपण, बोलावे. आपण बोललो तर आपला चहा फार तर थंड होईल. वाढपी बोलला तर त्याची रोजी जाईल. म्हणून हे बोलणे आपले कर्तव्य आहे.

अण्णांची गोष्ट अर्धी राहिली आहे. त्या पावसाळ्यानंतर ते गावी गेले. परत आले नाहीत. पुढे काही वर्षांनी माझी सिगारेट सुटली; ती वैद्याच्या धाकाने सुटली, अण्णांच्या बोलण्याने नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण या विषयावर जेव्हा जेव्हा काही वाचतो, तेव्हा भिंतीला धरून उभी राहिलेली ती कृश मूर्ती समोर येते, आणि आपण त्या वेळी हसलो होतो, ही गोष्ट टोचते. निदान सिगारेट विझविता आली असती. तेवढे करावयाला कोणताही कायदा लागत नव्हता.

आज ही बैठक ऐकणाऱ्यांत, मुंबईत, नागपुरात, इंदुरात, बडोद्यात, दिल्लीत, कोणी ना कोणी आता उपाहारगृहाकडे जावयास निघाला असेल. त्याला माझे एवढेच सांगणे आहे की, पाण्याचा पेला समोर येईल तेव्हा तो आणणाऱ्याकडे क्षणभर वर पाहा. आणि टेबलावर धूर असेल, तर तो विझवा, किंवा विझवावयास सांगा.